मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराच्या खटक्यातील बिघाड आणि दोषसंकेत : निदानाची पद्धत व महाविद्यालयीन सुरक्षेचा प्रश्न

गोषवारा

घरगुती वस्तू म्हणून परिचित असलेला मायक्रोवेव्ह ओव्हन आज महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, उपाहारगृहे व वसतिगृहे यांतही वापरला जातो. या यंत्रातील बिघाडांमध्ये दाराचा खटका आणि त्यास जोडलेले स्विच यांचा वाटा लक्षणीय असतो. पडद्यावर उमटणारा दोषसंकेत हेच बिघाडाचे कारण आहे असे समजून दुरुस्ती केल्यास अनावश्यक खर्च होतो. आणि सुरक्षा स्विच 'डायरेक्ट' केल्यास यंत्र धोकादायक बनते. प्रस्तुत लेखात खटक्याची रचना, स्विचांचा क्रम, दोषसंकेतांचा खरा अर्थ आणि निदानाची क्रमवार पद्धत यांचे विवेचन केले असून सोलापूरसारख्या शहरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने काही सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : दाराचा खटका, मायक्रोस्विच, इंटरलॉक, दोषसंकेत, निदान, प्रयोगशाळा सुरक्षा.

प्रस्तावना

आधुनिक विद्युत उपकरणे बिघाड झाल्यावर केवळ बंद पडत नाहीत, तर पडद्यावर काही अक्षरे व अंक दाखवून आपली तक्रार नोंदवितात. या सोयीमुळे दुरुस्ती सोपी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. संकेत वाचता येणे आणि बिघाड समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतर लक्षात न घेतल्यामुळे अनेक चांगली यंत्रे निर्लेखनाच्या यादीत जातात आणि काही सदोष यंत्रे 'दुरुस्त' म्हणून पुन्हा वापरात येतात.

सोलापुरातील विज्ञान शाखेच्या कोणत्याही प्राध्यापकास याचा प्रत्यय सहज येऊ शकतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अगार माध्यम वितळविण्यासाठी, रसायनशास्त्र विभागात मायक्रोवेव्ह साहाय्यित अभिक्रियांच्या प्राथमिक प्रयोगांसाठी, तर उपाहारगृहात अन्न गरम करण्यासाठी हे यंत्र वापरले जाते. ते बंद पडले की पुष्कळदा दोनच मार्ग सुचविले जातात. पहिला मार्ग म्हणजे 'बोर्ड गेला' म्हणून नियंत्रक पट्टी बदलणे, जो खर्चिक असतो. दुसरा मार्ग म्हणजे दाराचा स्विच 'डायरेक्ट' करणे, जो स्वस्त असतो. पहिल्या मार्गाने पैसा वाया जाण्याची शक्यता असते. दुसऱ्या मार्गाने यंत्राची सुरक्षाच काढून घेतली जाते. दाराच्या खटक्याचे कार्य नीट समजून घेतल्यास हे दोन्ही मार्ग टाळता येतात, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. दाराच्या खटक्याचे दुहेरी कार्य

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉन नावाच्या निर्वात नलिकेत २४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरी निर्माण होतात. त्यांची तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते. मॅग्नेट्रॉनला लागणारा उच्च विद्युतदाब रोहित्र, संधारित्र व डायोड यांच्या साहाय्याने तयार केला जातो. रूढ रचनेत तो सुमारे ४००० व्होल्टपर्यंत पोहोचतो. या लहरी आयनकारी नसतात. त्यांच्यामुळे पदार्थ किरणोत्सारी होत नाही आणि वीजपुरवठा थांबताच त्या नाहीशा होतात. तथापि, ज्या क्रियेने अन्नातील पाणी तापते त्याच क्रियेने शरीरातील ऊतीही तापू शकतात. रक्ताभिसरणाने उष्णता दूर नेण्याची सोय जेथे अत्यल्प आहे, त्या डोळ्याच्या भिंगास अधिक धोका असतो. म्हणून या लहरी यंत्राच्या पोकळीतच राहिल्या पाहिजेत.

दाराच्या काचेमागे असलेल्या धातूच्या जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने फारच लहान असतात. त्यामुळे प्रकाश आरपार जातो, लहरी मात्र परततात. दाराच्या कडेचा प्रश्न अधिक अवघड असतो, कारण दार व चौकट यांच्यात थोडी फट राहणारच. या फटीसाठी दाराच्या कडेत चोक नावाची खाच केलेली असते. तिची प्रभावी खोली तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर असते. या मापामुळे फट प्रत्यक्षात उघडी असूनही लहरींच्या दृष्टीने बंद असल्यासारखी वागते. हे घडण्यासाठी दार चौकटीपासून ठरावीक अंतरावरच टेकले पाहिजे.

येथेच खटक्याचे महत्त्व स्पष्ट होते. दाराच्या कडेला असलेले दोन आकडे चौकटीतील खाचांत शिरतात व दार धरून ठेवतात. हे धरून ठेवणे म्हणजे एकीकडे दार योग्य अंतरावर स्थिर करणे आणि दुसरीकडे आतील स्विच दाबून 'दार बंद आहे' असे यंत्रास कळविणे होय. पहिले कार्य यांत्रिक, तर दुसरे विद्युत स्वरूपाचे आहे. आकडा झिजला, दार बिजागरीवर लोंबले किंवा आतील आधारपट्टी सरकली, तर दोन्ही कार्ये एकाच वेळी बिघडतात. म्हणूनच खटक्यातील बिघाडाकडे किरकोळ दोष म्हणून पाहता येत नाही.

२. तीन स्विचांचा क्रम

चौकटीच्या मागे प्रायः तीन मायक्रोस्विच बसविलेले असतात. त्यांपैकी दोन स्विच मुख्य विद्युतमार्गावर व नियंत्रणमार्गावर असतात आणि दार बंद झाल्यावरच मार्ग जोडतात. त्यांना प्राथमिक व दुय्यम स्विच म्हणतात. तिसऱ्या स्विचला मॉनिटर स्विच म्हणतात. त्याचे काम उलट प्रकारचे असते. दार उघडल्यावर तो जोडला जातो आणि रोहित्राच्या पुरवठ्याची दोन टोके परस्परांशी जोडतो.

सामान्य स्थितीत यामुळे काहीच घडत नाही, कारण दार उघडताना प्राथमिक व दुय्यम स्विच आधी सुटतात व मॉनिटर स्विच नंतर जोडला जातो. परंतु प्राथमिक स्विचचे संपर्कबिंदू वितळून चिकटले असतील आणि दार उघडूनही प्रवाह चालू राहिला, तर मॉनिटर स्विचमुळे मंडलसंक्षेप होतो, म्हणजेच शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडतो. यंत्र तत्काळ निर्जीव होते. येथे फ्यूज उडणे हा बिघाड नसून संरक्षण आहे. दार बंद करताना हाच क्रम उलट होतो. मॉनिटर स्विच आधी सुटतो व नंतर उरलेले दोन जोडले जातात. हा क्रम काही मिलिमीटरांच्या हालचालीत साधावयाचा असल्याने आधारपट्टीचे अल्पसे सरकणेही तो बिघडविण्यास पुरेसे ठरते.

ही रचना कायद्याच्या बंधनातून आली आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९७१ पासून उत्पादित ओव्हनना लागू झालेल्या मानकानुसार परस्परांवर अवलंबून नसलेले किमान दोन इंटरलॉक आणि त्यांच्या अपयशावर देखरेख ठेवणारी व्यवस्था आवश्यक मानली आहे. त्याच मानकानुसार पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटर अंतरावरील लहरींची गळती विक्रीपूर्वी दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅट व त्यानंतर यंत्राच्या संपूर्ण आयुष्यात ५ मिलिवॅटपेक्षा अधिक असता कामा नये. भारतात घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेविषयीच्या आय.एस. ३०२ या मानकमालिकेत मायक्रोवेव्ह ओव्हनसाठी स्वतंत्र विभाग आहे.

३. दोषसंकेत म्हणजे काय?

नियंत्रक पट्टीवरील सूक्ष्मनियंत्रकास दार दिसत नाही. दाराशी संबंधित स्विचकडून येणारा सूक्ष्म विद्युतदाब तेवढा त्याला कळतो. दाब एका पातळीवर असल्यास दार बंद, दुसऱ्या पातळीवर असल्यास दार उघडे, एवढेच त्याचे ज्ञान असते. 'दार उघडे आहे' असा संकेत उमटला याचा अर्थ दार उघडे आहे असा नसून, 'दार बंद असल्याची खूण पोहोचली नाही' असा आहे. ती खूण न पोहोचण्याची कारणे अनेक असू शकतात. आकडा मोडलेला असेल, त्याची स्प्रिंग सुटलेली असेल, खाचेत अन्नकण अडकला असेल, तरफ वाकली असेल, स्विचच्या संपर्कबिंदूंवर गंज आला असेल, जोडणी सैल असेल, तार आतून तुटली असेल किंवा पट्टीचाच दोष असेल. या आठ कारणांसाठी संकेत एकच असतो.

सोलापूरच्या वाचकांना हे तत्त्व अपरिचित नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील यंत्रमागांपर्यंत या शहराचे जीवन मागाशी जोडलेले आहे. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक हलकी पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. जपानमधील साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागात धागा तुटताच थांबण्याचे हे तत्त्व प्रभावीपणे वापरले गेले. माग थांबला यावरून 'कोठेतरी पट्टी पडली आहे' एवढेच कळते. धागा का तुटला, म्हणजे कांजी कमी पडली, ताण अधिक झाला की सूतच कच्चे होते, हे विणकरालाच शोधावे लागते. वारंवार थांबणाऱ्या मागाचा हा थांबा जर कोणी काढून टाकला, तर माग अखंड चालेल. पण तुटक्या धाग्यांचे सदोष कापड विणत राहील. दोषसंकेत आणि सुरक्षा स्विच यांचे नातेही असेच आहे. संकेत शोधाची दिशा दाखवितो, शोध पूर्ण करीत नाही. आणि थांबा काढून टाकल्याने दोष नाहीसा होत नाही.

संकेत वाचतानाही काही गफलती संभवतात. अनेक यंत्रांचा पडदा सात रेषाखंडांचा असतो. त्यावर इंग्रजी 'एस' हे अक्षर व ५ हा अंक, तसेच 'ओ' व शून्य सारखेच दिसतात. उदाहरणार्थ, सॅमसंग कंपनीच्या अनेक ओव्हनमध्ये 'एस-ई' हा संकेत कळफलकातील कळ दाबलेली राहिल्याचे दर्शवितो. तो '५-ई' असाही वाचला जातो. त्याचा दाराशी संबंध नसतो. काही यंत्रांत केवळ 'एल' हे अक्षर उमटते. तो बिघाड नसून लहान मुलांच्या सुरक्षेसाठी असलेले कुलूप चालू असल्याची ती खूण असते. एकाच संकेताचा अर्थ कंपनीगणिक, किंबहुना एकाच कंपनीच्या नमुन्यागणिक बदलतो. म्हणून यंत्राच्या मागील पट्टीवरील नमुना क्रमांक पाहून त्याच नमुन्याची पुस्तिका वाचणे ही निदानाची पहिली अट आहे.

४. लक्षणांवरून निदान

संकेतापेक्षा लक्षणे पुष्कळदा अधिक बोलकी असतात. व्यवहारात आढळणारी प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

अ) दार लावले तरी यंत्र सुरू होत नाही, कळ दाबल्यास 'दार' असा संकेत उमटतो किंवा काहीच घडत नाही. ज्या नमुन्यांत दार उघडताच आतील दिवा लागतो, तेथे दार लावल्यावरही दिवा जळत राहिल्यास स्विच दाबला जात नाही असे अनुमान काढता येते. प्रथम आकडे व खाचा तपासाव्यात.

आ) दार हाताने दाबून किंवा किंचित उचलून धरल्यास यंत्र चालते. हे बिजागरीच्या झिजेचे किंवा दार लोंबल्याचे लक्षण आहे. स्विच निर्दोष असतो. दार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशा स्थितीत दार दाबून धरून काम भागविणे अयोग्य आहे, कारण फटीचे अंतरही बदललेले असते.

इ) पंखा, दिवा व फिरती तबकडी चालते, परंतु पदार्थ तापत नाही. रोहित्राकडे जाणाऱ्या मार्गावरील स्विच सदोष असल्यास असे घडते. तथापि मॅग्नेट्रॉन, डायोड, संधारित्र किंवा रिले यांच्या दोषामुळेही हेच लक्षण दिसते. म्हणून या लक्षणावरून एकदम निष्कर्षास येऊ नये.

ई) दार उघडताना किंवा लावताना फ्यूज उडतो. हे स्विचांचा क्रम बिघडल्याचे किंवा प्राथमिक स्विच चिकटल्याचे ठळक लक्षण आहे. केवळ फ्यूज बदलल्यास तो पुन्हा उडतो. मॉनिटर स्विचने एकदा मंडलसंक्षेपाचा प्रवाह वाहून नेल्यानंतर त्याचाही भरवसा राहत नाही. त्यामुळे फ्यूजबरोबर प्राथमिक व मॉनिटर हे दोन्ही स्विच बदलणे हीच योग्य दुरुस्ती होय.

उ) दार उघडे असताना तबकडी किंवा पंखा चालतो. पदार्थ शिजून झाल्यावर थंडाव्यासाठी पंखा थोडा वेळ फिरत राहणे ही काही नमुन्यांची नेहमीची रीत आहे. परंतु दार उघडे असूनही तबकडी फिरत असेल आणि यंत्र शिजविण्याच्या स्थितीत असल्यासारखे वागत असेल, तर स्विच किंवा रिले चिकटल्याची शक्यता असते. अशा वेळी भिंतीवरील बटण बंद करावे, प्लग काढावा आणि तपासणी होईपर्यंत वापर थांबवावा.

५. तपासणीचा क्रम

निदानाचा सामान्य नियम असा की स्वस्त, दृश्य व यांत्रिक कारणांपासून सुरुवात करून महाग, अदृश्य व इलेक्ट्रॉनिक कारणांकडे जावे. हा क्रम दोन टप्प्यांत विभागता येतो.

पहिला टप्पा यंत्र न उघडता करावयाचा आहे आणि तो कोणताही प्राध्यापक किंवा प्रयोगशाळा साहाय्यक पार पाडू शकतो. प्लग काढून आकड्यांचे निरीक्षण करावे. दोन्ही आकडे अखंड आहेत काय, बोटाने दाबल्यास स्प्रिंगने परत येतात काय, हे पाहावे. खाचांत तेलकट थर, अन्नकण किंवा झुरळांचा उपद्रव आहे काय, हे विजेरीने पाहावे. यंत्रमागाच्या परिसरात सुताचे बारीक तंतू सर्वत्र साठतात. ते तेलकट वाफेशी मिसळून खटक्याच्या भागात घट्ट थर निर्माण करू शकतात. दार हळूहळू लावताना स्विचांचे 'टक्' असे लागोपाठ आवाज येतात. आवाज मंद किंवा अपुरे असल्यास खटका पूर्ण बसत नाही. दार लावल्यावर ते वरखाली हलते काय, चारही बाजूंची फट सारखी आहे काय, हेही पाहावे. त्यानंतर प्लग जोडून संकेत पुन्हा उमटतो काय, ते पाहावे. विद्युतदाबातील चढउतारामुळे आलेला संकेत एकदा नाहीसा झाल्यास पुन्हा दिसत नाही. परत येणारा संकेत मात्र खऱ्या दोषाचा निदर्शक असतो. प्लग काढून लावणे ही चाचणी आहे, उपचार नव्हे.

दुसरा टप्पा यंत्राचे आवरण काढून करावयाचा असल्याने तो प्रशिक्षित तंत्रज्ञावरच सोपविला पाहिजे. प्लग काढल्यानंतरही संधारित्रात प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो योग्य रीतीने निचरा केल्याशिवाय आत हात घालणे जिवावर बेतू शकते. भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स विभागातील जाणकारांनीही हा धोका कमी लेखू नये. तंत्रज्ञाने मल्टिमीटरने प्रत्येक स्विच मंडलातून सोडवून तपासावा. प्राथमिक व दुय्यम स्विचमध्ये दार बंद असता रोध जवळजवळ शून्य आणि दार उघडे असता अनंत आढळला पाहिजे. मॉनिटर स्विचमध्ये नेमके याउलट. स्विच अनेक वेळा दाबून पाहावा, कारण झिजलेला स्विच एकदा जोडतो व पुढच्या वेळी चुकतो. स्विच निर्दोष आढळल्यास जोडण्या व तारा तपासाव्यात. यांपैकी काहीच सदोष नसेल, तरच नियंत्रक पट्टीकडे संशयाने पाहावे. मायक्रोस्विच हा यंत्रातील सर्वांत स्वस्त भागांपैकी एक आहे आणि पट्टी महाग भागांपैकी, हे लक्षात घेता हा क्रम उलटा करण्याची किंमत ग्राहकालाच मोजावी लागते.

स्विच झिजण्याचे एक कारण वापरण्याच्या सवयीत दडलेले असते. शिजविणे चालू असताना 'थांबा' ही कळ न दाबता थेट दार ओढून यंत्र बंद करण्याची अनेकांना सवय असते. १४०० वॅट शक्ती घेणारे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह घेते. हा प्रवाह दाराच्या स्विचने तोडला गेल्यास संपर्कबिंदूंमध्ये क्षणिक ठिणगी पडते व ते हळूहळू खराब होतात. आधी कळ दाबून मग दार उघडणे, एवढ्या साध्या शिस्तीने खटक्याचे आयुष्य वाढते.

६. 'डायरेक्ट' करण्यातील धोका

स्विचच्या दोन टोकांना तारेने जोडून टाकणे यास दुरुस्तीच्या व्यवहारात 'डायरेक्ट करणे' म्हणतात. मिक्सर, पंखा किंवा कूलर यांच्या बाबतीत हा तात्पुरता उपाय सर्रास केला जातो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी कूलरचा बिघडलेला स्विच डायरेक्ट करून रात्र काढणे समजण्यासारखे आहे. परंतु मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारास हा न्याय लावता येत नाही, कारण तेथील स्विच सोयीसाठी नसून संरक्षणासाठी असतो.

या उपायाचा विशेष असा की तो एकावर थांबत नाही. प्राथमिक स्विच डायरेक्ट केला की दार उघडताच मॉनिटर स्विच आपले काम करतो व फ्यूज उडतो. मग मॉनिटर स्विच काढून टाकला जातो, अथवा फ्यूजच्या जागी जाड तारेचा तुकडा घातला जातो. तरीही संकेत उमटतच राहिला तर दाराची खूण देणारा स्विचही जोडून टाकला जातो. अशा रीतीने एका झिजलेल्या स्विचपोटी संरक्षणाचे सर्व थर एकामागून एक निघून जातात. बाहेरून मात्र यंत्र उत्तम चालत असते, पडद्यावर कोणताही संकेत नसतो. जो हे यंत्र पुढे वापरतो, त्यास त्यात काय केले आहे याची कल्पना नसते. महाविद्यालयात हा वापरणारा बहुधा विद्यार्थी किंवा उपाहारगृहातील कामगार असतो. संकेत देणाऱ्या बंद यंत्रापेक्षा संकेत न देणारे असे चालू यंत्र अधिक धोकादायक होय.

गळती तपासण्यासाठी ओव्हनमध्ये भ्रमणध्वनी ठेवून त्यास दूरध्वनी करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. ती विश्वासार्ह नाही. भ्रमणध्वनी अत्यंत क्षीण लहरींवरही चालतो. त्यामुळे निर्दोष ओव्हनमध्येही घंटी वाजू शकते. त्याच्या लहरींची वारंवारताही ओव्हनपेक्षा वेगळी असू शकते. गळतीचे मापन प्रमाणित मापकानेच करावे.

७. अन्य उपकरणांतील समान तत्त्व

हेच तत्त्व अन्य उपकरणांनाही लागू पडते. पाश्चात्त्य देशांतील, आणि म्हणून तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरांतील, स्वयंस्वच्छता करणाऱ्या ओव्हनमध्ये आतील डाग जाळून टाकण्यासाठी तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. त्या काळात दार एका लहान मोटारीने बंद केले जाते व थंड होईपर्यंत उघडत नाही. खटक्याची स्थिती आणि मोटारीस दिलेली आज्ञा यांचा मेळ न बसल्यास दोषसंकेत उमटतो. फ्रिजिडेअर कंपनीच्या अनेक नमुन्यांतील 'एफ ९०' हा याच प्रकारचा संकेत आहे. मध्येच वीज गेल्यास दार अडकून राहते. ते पहारीने उघडण्याचा प्रयत्न न करता ओव्हन थंड होऊ द्यावा व वीज आल्यावर पुन्हा पाहावे, हाच योग्य मार्ग होय.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील ऑटोक्लेव्हचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १२१ अंश सेल्सिअस तापमानास आतील दाब दर चौरस इंचास वातावरणापेक्षा सुमारे १५ पौंड अधिक असतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर सुमारे ७४० किलोग्रॅम वजनाइतका जोर आतून बाहेर पडत असतो. दाबमापकाचा काटा शून्यावर येण्यापूर्वी झाकण न उघडण्याचा नियम विद्यार्थ्यांस पाठ असतो. त्यामागील हा आकडा सांगितल्यास तो नियम मनात रुजतो. झाकणाची पकड किंवा दाबानुसार अडविणारी कळ सदोष असेल, तर तेथेही 'तात्पुरता उपाय' संभवत नाही.

८. महाविद्यालयांसाठी सूचना

जडसंग्रह नोंदवही, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले डेड स्टॉक रजिस्टर, यात यंत्राची खरेदी व निर्लेखन यांची नोंद असते. दुरुस्तीत काय केले याची नोंद क्वचितच आढळते. प्रत्येक यंत्रासाठी एक स्वतंत्र दुरुस्तीपत्रक ठेवून त्यात उमटलेला संकेत, दिसलेली लक्षणे, बदललेला भाग व दुरुस्तीनंतरची चाचणी नोंदवावी. दुरुस्तीच्या देयकावर 'स्विच बदलला' असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि काढलेला भाग परत मागावा. भाग परत मिळाला नाही, तर तो बदलला की डायरेक्ट केला हे कळण्याचा मार्ग उरत नाही. दुरुस्तीनंतर पोकळीत पाण्याचा पेला ठेवून यंत्र सुरू करावे व दार उघडताच ते थांबते काय, हे पाहावे. तथापि, ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे संरक्षणाचे सर्व थर शाबूत आहेत असे सिद्ध होत नाही. त्यासाठी तंत्रज्ञाने प्रत्येक स्विचची स्वतंत्र चाचणी केल्याची नोंद आवश्यक आहे. वाकलेले दार, तडकलेली काच किंवा मोडलेला आकडा असलेले यंत्र वापरातून काढून त्यावर तशी ठळक सूचना लावावी. तसेच जुनी, प्लग कायमचा कापलेली यंत्रे मायक्रोस्विचची रचना दाखविण्यासाठी पदवी वर्गांत वापरता येतील. मात्र त्यांतील उच्च दाबाचे भाग तंत्रज्ञाकडून आधी काढून घ्यावेत.

निष्कर्ष

१) मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराचा खटका दार योग्य अंतरावर धरून ठेवतो व दार बंद असल्याची खूण देतो, म्हणून त्यातील बिघाड हा सुरक्षेचा प्रश्न ठरतो.

२) दोषसंकेत हे बिघाडाचे कारण नसून नियंत्रकास मिळालेल्या किंवा न मिळालेल्या खुणेची नोंद आहे. त्याचा अर्थ नमुन्याच्या पुस्तिकेनुसारच लावला पाहिजे.

३) तपासणी आकडा, बिजागरी, स्विच, तारा व शेवटी नियंत्रक पट्टी या क्रमाने केल्यास अनावश्यक खर्च टळतो.

४) दार हलविताना वारंवार उडणारा फ्यूज हा संरक्षणाचा पुरावा आहे, केवळ फ्यूज बदलणे ही दुरुस्ती नव्हे.

५) सुरक्षा स्विच डायरेक्ट करणे कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही, कारण एक थर काढल्यावर दुसरा काढणे अपरिहार्य होत जाते.

माग का थांबला हे पाहण्यापूर्वीच तो पुन्हा सुरू करणाऱ्या विणकरास कोणी कुशल म्हणत नाही. ज्या शहराच्या चादरीस भौगोलिक मानांकन लाभले आहे, त्या सोलापूरला कापडातील या शिस्तीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. हीच शिस्त प्रयोगशाळेतील व उपाहारगृहातील यंत्रांच्या बाबतीत पाळली जावी, एवढीच अपेक्षा.